तीन फूट वाट

लागेलकाकांना हे नाव नेमकं कुणी ठेवलं ते आता सांगता येत नाही, पण ते चुकीचं आहे असं त्यांच्या बायकोनेसुद्धा कधी म्हटलं नाही. जळलेली इस्त्री असो, पंख्याचं एकुलतं एक पातं असो, झाकण हरवलेला डबा असो की डबा हरवलेलं झाकण असो, काका ती वस्तू हातात घेत, उलटीपालटी करत आणि म्हणत, "लागेल." कशाला लागेल, कधी लागेल, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर उत्तर मिळायचं आणि ते संपेपर्यंत चहा गार व्हायचा.

धंदा दुरुस्तीचा. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, रेडिओ, शिवणयंत्रं. घरातलं जे काही फिरतं, तापतं किंवा बोलतं ते सगळं. चाळीस वर्षं त्यांनी बसस्थानकामागच्या ओळीत एका चिंचोळ्या गाळ्यात बसून हे काम केलं. यंत्र नुसतं कानाशी धरून आत काय बिनसलंय ते सांगायचे, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायचे. दहाव्या वेळी यंत्रच खोटं बोलतंय असं म्हणायचे. दुरुस्ती झाली की आतून काढलेला निकामी भाग ते टाकत नसत. त्याला दोरा बांधायचा, दोऱ्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहायचं, "शाळेच्या हेडबाई, मिक्सर, दात झिजले." "पोस्टातले कारकून, टेबलफॅन, वाळूचा कण." मग तो भाग काचेच्या बरणीत जायचा. निकामी भागाकडून जितकं शिकता येतं तितकं नव्याकडून शिकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरंही असेल. पण अशा बरण्या शंभराच्या वर गेल्या होत्या आणि त्यांतून काका सोडून कुणी काही शिकल्याचं ऐकिवात नाही.

अकरा वर्षांपूर्वी गाळ्यांची ती ओळ पाडली आणि काकांचं दुकान तीन हातगाड्यांवर बसून घरी आलं. "चार दिवसांपुरतं," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "बरं." काकूंनी तीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार खिडकीवर नोकरी केली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्यामुळे की काय, स्वतःची एखादी तक्रार असू शकते हे त्यांच्या ध्यानात यायचंच राहून गेलं होतं.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दारापासून पलंगापर्यंत एक वाट होती आणि पलंगापासून मोरीपर्यंत दुसरी. दोन्ही वाटांवरून तिरकं चालावं लागे. रस्त्याकडची खिडकी होती, म्हणजे बाहेरून दिसायची. आतून तिच्यापुढे लोखंडी रॅक होतं, रॅकवर रेडिओ, रेडिओंवर पंख्यांच्या जाळ्या. खुर्च्या चार होत्या आणि चारांवर काही ना काही बसलेलं असायचं. पाहुणा आला की काका एका खुर्चीवरचा ऐवज उचलून पलंगावर ठेवत, आणि पाहुणा गेला की परत खुर्चीवर. पाहुण्यांनाच पुढे पुढे अवघडल्यासारखं व्हायला लागलं आणि त्यांनी येणं कमी केलं.

तर एका सकाळी काकू दूध घ्यायला दाराकडे निघाल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात, तर काकू म्हणाल्या, "फरशी ओली होती."

फरशी कोरडी होती. स्टँडवाल्या पंख्याचं बिडाचं गोल बूड वाटेत आलं होतं, आणि ते आदल्या संध्याकाळी काकांनीच तिथे सरकवलं होतं. काका शेजारीच उभे होते. ते डॉक्टरांना काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी ते बूड उचललं, तीन गल्ल्या चालत गेले आणि भंगारवाल्याच्या दारात ठेवून आले. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू त्यांनी 'लागेल' न म्हणता सोडली.

शस्त्रक्रिया नीट झाली. आठवड्याभरानं, एका गुरुवारी संध्याकाळी, भेटायच्या वेळेत काका फळं घेऊन गेले तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारी स्टुलावर त्यांची थोरली बहीण. या ताई म्हणजे निवृत्त परिचारिका. नोकरीभर दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे दोन पेट्यांत मावेल तेवढाच संसार करायची सवय. आता दुसऱ्या गावी एकट्या राहत. घर असं की बोललं तर घुमावं. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, चार भांडी. हल्ली कमी वस्तूंत राहण्याची हौस म्हणून लोक घरं रिकामी करतात आणि त्यांचे फोटो काढतात. ताईंना असली हौस वगैरे काही नव्हती. त्यांना झाडू मारताना काही उचलावं लागलेलं आवडत नसे, इतकंच. काका एकदाच त्या घरी गेले होते आणि परत येताना बसमध्ये म्हणाले होते, "तुझी बहीण राहायला आली आहे की सोडून चालली आहे?"

काकूंनी फळांची पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "अहो, पुढच्या शनिवारी सोडणार आहेत मला. पण डॉक्टरांची एक अट आहे."

"कसली अट?"

"वॉकर घेऊन चालायचंय. घरात तीन फूट रुंद वाट हवी. दारापासून पलंगापर्यंत, पलंगापासून मोरीपर्यंत." काकू क्षणभर थांबल्या. "आणि पलंगापासून खिडकीपर्यंत."

"खिडकीपर्यंत?"

"उजेड हवा म्हणतात. हाडांना."

"आणि नसली वाट तर?"

"नसली तर मग ताईकडे," काकू म्हणाल्या. "ताईनं खोली तयार ठेवली आहे."

"किती दिवस?"

याचं उत्तर काकूंनी दिलं नाही. ताईंनी दिलं. "जितके दिवस तुमची वाट होत नाही तितके."

अडतीस वर्षांच्या संसारात ही बाई चार रात्रींच्या वर कुठे राहिली नव्हती. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि लिहिलं, "तीन फूट. शनिवार." माणूस कामाचा होता. माप मिळालं की त्याला धीर यायचा.

घरी येऊन त्यांनी आधी आहे ती वाट मोजली. एक फूट चार इंच. मोरीकडची एक फूट एक इंच. खिडकीकडे वाटच नव्हती, त्यामुळे मोजायचा प्रश्न आला नाही.

शुक्रवारी सकाळी भंगारवाल्याला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा त्याला वाटलं, काका नेहमीसारखं काही घ्यायला बोलावताहेत, म्हणून येताना एक जुना टेपरेकॉर्डर घेऊन आला. काकांनी त्याला दारातला ढीग दाखवला आणि म्हणाले, "हे ने." भंगारवाला दोन पावलं मागे सरला.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"ने म्हटलं ना."

त्यानं गाडीवर अकरा नग चढवले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली असेल नसेल, काका अनवाणी मागे धावले. ती निळी इस्त्री, तिची कॉइल अजून चांगली होती. आणि तो छोटा मिक्सर, त्याचं नुसतं बुशच गेलं होतं. दोन्ही परत आले. शिवाय टेपरेकॉर्डर. तो तसा बरा होता, फक्त पट्टा सैल. शुक्रवारच्या दिवसभरात घरातून नऊ वस्तू गेल्या आणि एक आली. काकांच्या मते हा चांगला मुहूर्त होता.

शनिवारी ते इस्त्री हातात घेऊन बसले आणि त्यांना एक साधा विचार सुचला. भंगारात घातलं तर वस्तू मेलीच. पण चालू करून कुणाला दिली तर ती आपल्या घरातूनही जाईल आणि जगेलही. यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. फक्त एवढंच की बिघडलेली वस्तू माणसाच्या हातात द्यायची हे त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. न धुतलेला कप पाहुण्याच्या पुढे ठेवावा तसं त्यांना ते वाटे. तेव्हा आधी दुरुस्ती, मग दान. त्यांनी बैठक मारली, चष्मा नाकावर घेतला आणि निळी इस्त्री उघडली.

सोमवारपर्यंत चार इस्त्र्या, दोन पंखे आणि एक मिक्सर असे सात जीव वाचले. वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीला एक इस्त्री, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या आयाला पंखा, असं एकेक करत ते स्वतः पोचवून आले. लोकांना आनंद झाला. आनंद झाल्यावर लोक जे करतात तेच त्यांनी केलं, चार जणांना सांगितलं. मंगळवारी सकाळी काका दार उघडतात तो पायरीवर दोन मिक्सर आणि एक वॉटर हीटर. पाठोपाठ आयाबाई, हातात शेजारणीचा पंखा.

"काका, तुम्ही परत सुरू केलंत म्हणे. किती बरं झालं. एवढा बघून ठेवा."

नाही म्हणायला जीभ रेटेना. काकांनी पंखा कानाशी धरला, पातं बोटानं फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बेअरिंग," ते म्हणाले. "ठेव. दोन दिवसांनी ये."

आता यावर हसावं की रडावं. माणसाची बायको इस्पितळात, हातात चार दिवस, आणि हा गडी गेल्या अकरा वर्षांत झाला नव्हता इतका खूश. पण त्याला नावं तरी कशी ठेवायची? गाळा पाडल्यापासून त्याच्या दारात कुणी असं काही घेऊन आलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी काकूंनी विचारलं, "वाट किती झाली?"

काका फळ सोलत होते. "होतेय," ते म्हणाले.

"किती?"

काका खोटं बोलण्यात कच्चे. "सकाळी मोजली. एक फूट दोन इंच."

"आधी एक फूट चार म्हणाला होतात ना?"

"मधे काही कामं आली."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्यांनी सोललेल्या फोडी हातात घेतल्या, खाल्ल्या नाहीत, आणि शांतपणे म्हणाल्या, "ताईकडे खोली चांगली आहे. दक्षिणेकडची. वारा येतो."

तो स्वर काकांच्या कानानं बरोबर टिपला. चाळीस वर्षं यंत्रांचे आवाज ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळायलाच हवं होतं. ही बाई जायला तयार झाली होती.

"फरशी ओली नव्हती," काका एकदम म्हणाले.

"नव्हती," काकू म्हणाल्या.

"मीच ठेवलं होतं ते बूड तिथे."

"माहीत आहे मला."

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा काकूंनी त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा वंगणाचा डाग बोटानं पुसून पाहिला. तो निघाला नाही.

बुधवारी काकांनी पायरीवरच्या वस्तू ज्याच्या त्याला परत नेऊन दिल्या. दुरुस्त न करता. प्रत्येक दारात त्यांचे कान लाल होत होते. "बायको घरी यायची आहे, जागा नाही," एवढंच सांगत, आणि समोरचा काही बोलायच्या आत पाय काढत. शिवणवालीनं मात्र त्यांना जिन्यात अडवलं. तोंडाची फटकळ पण मनानं चांगली अशी ती बाई.

"काका, तुम्ही एकेक वस्तू बरी करून वाटत बसणार, तर काकू पुढच्या जन्मी घरी येतील."

"बिघडलेली घेणार कोण?"

"तंत्रशाळा घेते. मी त्यांचे ॲप्रन शिवते ना. ते मास्तर परवाच म्हणत होते, मुलांना उघडायला काही मिळत नाही. हल्ली लोक वस्तू टाकतात आणि नवी घेतात."

काका संशयानं ऐकत होते. तरी दुपारी तंत्रशाळेत गेले. तिथले मास्तर काकांच्याच धाटणीचे, हातावर भाजल्याचे जुने डाग. काकांना माणूस पटला. त्यांनी आपण होऊन सांगितलं, की काही वस्तू देण्याजोग्या आहेत, त्या आठ-दहा दिवसांत चालू करून आणून देतो.

"चालू?" मास्तर दचकले. "चालू काय करायच्या? आम्हाला बिघडलेल्याच लागतात. किती आहेत?"

गेले पाच दिवस काकांनी जिवाचं रान करून ज्या वस्तू बऱ्या केल्या, त्या इथे कुणाला नकोच होत्या. "आहेत बऱ्याच," ते म्हणाले.

गुरुवारी टेम्पो आला. काकांनी बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ घालवून प्रत्येक नगाला चिठ्ठी बांधली होती. दुरुस्त नाही तर नाही, निदान रोग काय आहे ते सांगून पाठवावं, असा विचार. "आवाज करतो, डावं बेअरिंग." "तापते पण विझत नाही, थर्मोस्टॅट." "बोलत नाही, बहुधा सोल्डर." मास्तर टेम्पोत उभे राहून एकेक चिठ्ठी वाचत गेले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. मग ते खाली उतरले आणि अवघडून म्हणाले, "काका, राग मानू नका. चिठ्ठ्या काढाव्या लागतील. दोष मुलांनीच शोधायचा असतो."

चाळीस वर्षांचं ज्ञान दोऱ्यानं बांधून दिलं होतं, तेही नको. काकांनी मान हलवली आणि स्वतःच टेम्पोत चढून चिठ्ठ्या सोडवायला लागले. सोडवताना एकेक वाचत होते. मास्तरही त्यांना मदत करू लागले. शेवटी टेम्पो गेला, आणि पुढच्या खोलीतली फरशी दिसली. तिचा रंग लालसर आहे हे काका विसरूनच गेले होते.

शुक्रवारी दुसरी खेप गेली. रेडिओ गेले, जाळ्या गेल्या, रॅकही गेलं. खिडकी उघडायला काकांना हातोडी घ्यावी लागली. बाहेर रस्ता होता, समोर लाँड्री, लाँड्रीच्या पायरीवर एक मांजर. चार खुर्च्यांपैकी दोन राहिल्या. संध्याकाळी काकांनी मोजायची टेप लावली. दार ते पलंग, तीन फूट दोन इंच. पलंग ते मोरी, तीन फूट. पलंग ते खिडकी, कोपऱ्यावर बरण्यांचं कपाट होतं तिथे, दोन फूट नऊ इंच.

कपाट भिंतीत बसवलेलं नव्हतं, पण दुसरीकडे हलवायला भिंत उरली नव्हती. काकांनी ठरवलं की तीन इंचांनी काही होत नाही. पुन्हा मोजलं. दोन फूट नऊ.

शनिवारी सकाळी ताई गाडी घेऊन आल्या. गाडी इस्पितळात जाणार होती, आणि तिथून एकतर इथे यायची होती किंवा थेट ताईंच्या गावी. ताई आत आल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, एकदा चारी बाजूंना बघितलं. चांगलं केलंत असं काही त्या म्हणाल्या नाहीत. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी हात पुढे केला. "टेप."

त्यांनी वाकून मोजलं. दाराकडे, मोरीकडे, खिडकीकडे. कोपऱ्यावर थांबल्या.

"दोन नऊ," ताई म्हणाल्या.

"तीन इंच, ताई."

"तीन फूट सांगितलं होतं ना?"

"त्यात माझं..." काकांना पुढचा शब्द सापडेना. काय होतं त्यात? मोडकी चाकं, झिजलेले दात, जळलेल्या तारा. एका माणसानं हयातभर रोज सकाळी कुलूप उघडून काय केलं, याचा दुसरा कुठलाच पुरावा जगात नव्हता. शाळेच्या हेडबाई केव्हाच गेल्या होत्या. पोस्टातले कारकूनही. गाळ्यांच्या जागी चार मजली इमारत उभी होती.

"बारा वाजता तिला सोडणार आहेत," ताई म्हणाल्या. आवाज कडक होता, पण त्या काकांकडे बघत नव्हत्या. "मी बाहेर गाडीत बसते."

काका कपाटापुढे उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मग त्यांनी दोन पोती आणली, वरच्या खणातली पहिली बरणी काढली, झाकण उघडलं आणि पालथी केली. चिठ्ठी वाचायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या पाच-सहा वाचल्या गेल्याच. मग चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे अक्षरं दिसायची बंद झाली आणि हात भराभर चालायला लागले. तासाभरात कपाट रिकामं झालं. निरोप धाडून बोलावलेल्या भंगारवाल्यानं आणि त्यांनी मिळून ते उचलून बाहेर नेलं. पोती उचलताना भंगारवाल्यानं विचारलं, "काही काढून ठेवायचं आहे का?" काका म्हणाले, "लवकर ने. मी परत धावत येईन."

कपाट होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिला. काकांनी तो नीट न बघता टेप लावली. चार फूट एक इंच.

बारा वाजून वीस मिनिटांनी काकू आल्या. ताईंनी वॉकर पुढे ठेवला, काकूंनी उंबऱ्याशी दम घेतला आणि मग आत आल्या. एक पाऊल, वॉकर, दुसरं पाऊल. पलंगापाशी थांबल्या नाहीत. तशाच पुढे, कोपरा वळून, खिडकीपर्यंत गेल्या. तिथे काकांनी खुर्ची ठेवली होती. काकू बसल्या, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. ताईंनी पिशवी उचलली, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसून आपल्या गावी निघून गेल्या.

पुढच्या बुधवारी इस्पितळातून व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. तरुण, चटपटीत. काकूंना उठवलं, चालवलं, वळवलं, पाय उचलायला लावला. काका बाजूला उभे राहून कौतुकानं बघत होते. त्यांना वाटलं, आपल्या कामाचा उल्लेख होईल. तो होईना तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला.

"वाट बरोबर आहे ना? तीन फूट सांगितलं होतं. इथे तर चार आहे."

"छान आहे की," बाई म्हणाल्या. "पण एवढी कशाला? वॉकरला सव्वादोन फूट पुष्कळ झाले. कुणी सांगितलं तीन?"

"डॉक्टरांनी."

"आमच्या? नाही हो. आमच्याकडे मापं मीच सांगते. आणि मी फक्त मोरीचं विचारलं होतं. काकूंना विचारा, यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं की घरी सगळं होईल." बाईंनी पिशवी खांद्याला लावली, दोन वेळचे व्यायाम पुन्हा एकदा बजावले आणि गेल्या.

काका होते तिथेच उभे होते. सव्वादोन फूट. कपाट राहिलं असतं. सगळ्या बरण्या राहिल्या असत्या. त्यांच्या डोक्यात एक तिडीक गेली, आणि ती अशी की त्यांना हात मागे बांधून घ्यावे लागले. ताई आठवल्या, हातात टेप घेऊन वाकलेल्या. जन्मभर रुग्णांना चालवत आलेल्या बाईला वॉकर किती रुंद असतो ते ठाऊक नसेल?

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मानेवरून कळत होतं की त्यांनी सगळं ऐकलं आहे.

"मला सांगायचंस," काका म्हणाले. आवाज जरा चढलाच. "मला सरळ सांगायचंस ना, की तुला जागा हवी आहे."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

काकांनी कपाट होतं तिथल्या भिंतीकडे पाहिलं.

"बघू म्हणाला असतात," काकू म्हणाल्या. "आणि मी बरं म्हणाले असते. डॉक्टरांचं नाव घेतलं की तुम्ही इंच मोजता."

"आणि झाली नसती वाट तर? खरंच गेली असतीस?"

"हो," काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाईट वाटलं असतं. पण गेले असते."

काका पलंगाच्या कडेवर बसले. राग अजून होता, पण तो कुणावर धरायचा हे आता कळेनासं झालं. अडतीस वर्षांत या बाईनं त्यांच्याजवळ काय मागितलं, याचा ते हिशोब करू पाहत होते आणि त्यांना एकही गोष्ट आठवेना. तीन फूट. त्यातही पाऊण फूट वाढवून, तेही दुसऱ्याच्या नावावर मागितले. जळलेल्या इस्त्रीला काय हवं ते कानाशी धरून ओळखणारा माणूस आपण. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"अजून काय हवं आहे तुला?" त्यांनी विचारलं. "या खेपेला तुझ्या नावानं सांग."

काकू विचार करायला लागल्या. त्यांना वेळ लागला. तक्रार खिडकीच्या अलीकडच्या बाजूला बसायची सवय. पलीकडे उभं राहून काय म्हणायचं असतं ते आठवावं लागत होतं. काका घाई न करता थांबले.

"ही खुर्ची," काकू शेवटी म्हणाल्या. "हिच्यावर काही ठेवायचं नाही."

"तू बसलेली असताना कोण ठेवणार आहे?"

"मी उठले तरी नाही."

काकांनी मान हलवली. मग ते उठले, खुर्चीच्या हातावर मघाशी त्यांनीच टेकवून ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि खिशात घातला.